ढालीमागचे दाजी

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून मी त्यांना दाजी म्हणायचो आणि मी म्हणतो म्हणून अख्खा तुरुंग त्यांना दाजी म्हणायला लागला. पथकातली माणसं म्हणायची, कोठारातला कारकून म्हणायचा, खुद्द अधीक्षकसाहेब एकदा सगळ्यांसमोर "त्या दाजींना बोलवा" म्हणून गेले. कैदीसुद्धा म्हणायचे. नाक फुटलेला कैदी दवाखान्यात कापसाचे बोळे कोंबून बसलेला असायचा, आणि डॉक्टरांनी विचारलं की कुणी मारलं, तर सरळ सांगायचा, "दाजींनी." दाजी कपाळावर हात मारून घ्यायचे. "एका बायकोला आठशे भाऊ आहेत हे आधी कळलं असतं तर लग्नच केलं नसतं," म्हणायचे.

कागदावर त्यांच्या नोकरीचं नाव लांबलचक होतं. विशेष आपत्कालीन प्रतिसाद पथक, क्रमांक एक. आम्ही नुसतं पथक म्हणायचो. कैदी ‘काळे’ म्हणायचे, कारण बूट, गुडघ्याच्या वाट्या, छातीचं चिलखत, शिरस्त्राण, सगळं काळं. माझ्यासारख्या साध्या पहारेकऱ्यांनी हात टेकले की घंटा दाबायची आणि काळे यायचे. कुणी कोठडीतून बाहेर यायला तयार नाही, कुणी गादी पेटवली, कुणी जेवणघरात बाकाचा पाय उपटून शेजाऱ्याच्या डोक्यात घातला, की बोलवा पथकाला. ते बोलायला येतच नसत. बोलणं आमचं काम होतं; आमचं बोलणं संपलं की त्यांचं सुरू व्हायचं.

कोठडीत शिरायची त्यांची एक पद्धत होती. ती जरा नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. पाच जण एकामागे एक, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या पाठीवर. सगळ्यात पुढे ढाल. ढाल म्हणजे जाड पारदर्शक प्लास्टिकचा दाराच्या फळीएवढा तुकडा, आतून दोन मुठी. ढालवाल्यानं कैद्याला भिंतीला चेपायचं, खाली पाडायचं आणि ढालीसकट त्याच्या छातीवर पडायचं. मागच्या चौघांना एकेक अवयव वाटून दिलेला. दुसऱ्याला उजवा हात, तिसऱ्याला डावा, चौथ्याला उजवा पाय, पाचव्याला डावा. आपल्या वाट्याचा अवयव बेडीत अडकला की ओरडायचं, "माझा!" चार ‘माझा’ ऐकू आले की ढालवाल्यानं उठायचं. तोवर उठायचं नाही. पूर्वी एकदा तिसऱ्या हाकेवरच ढाल उचलली गेली होती, आणि मोकळ्या राहिलेल्या हातात ब्लेड निघालं. त्या ढालवाल्याचा डोळा गेला. त्याच्या जागी दाजी आले, त्यामुळे चारचा नियम त्यांना कुणी पाठ करून घ्यायची गरज नव्हती.

डोकं कुणाला वाटून दिलेलं नव्हतं. नाक, तोंड, श्वास, यांतलं काही कुणाच्याच वाट्याला नव्हतं. ही गोष्ट माझ्या ध्यानात आली तेव्हा फार उशीर झाला होता.

पथक आत शिरण्याआधी त्या दालनाच्या पहारेकऱ्यानं कैद्याला तीन सूचना द्यायच्या. कोठडीच्या लोखंडी दारात कमरेच्या उंचीला एक आडवी खिडकी असते, तिला झाकण. जेवणाचं ताट तिथूनच आत जातं. कैद्यानं शरण यायचं ठरवलं तर पाठमोरं उभं राहून दोन्ही हात त्या खिडकीतून बाहेर काढायचे. मग बेडी घालायची, दार उघडायचं, संपला विषय. पथकाला मागून काही दिसत नाही. म्हणून तिसऱ्या सूचनेनंतर पहारेकऱ्यानं मोठ्यानं ओरडून सांगायचं, "हात आले" किंवा "हात नाहीत". त्या दोन शब्दांवर पाच माणसं आत घुसायची किंवा माघारी जायची.

दाजी दिसायला कसे होते? दारात उभे राहिले तर मागचा उजेड अडायचा. मान नव्हतीच, खांद्यांवर थेट डोकं ठेवलेलं. मानेच्या जागी जे काही होतं त्यावर डाव्या बाजूला कानापासून कॉलरपर्यंत कातडी सुरकुतलेली आणि गुलाबी होती. जेवणघरातल्या दंगलीत कुणीतरी उकळत्या पाण्याचं पातेलं त्यांच्यावर फेकलं होतं. त्या दिवशी दीडशे माणसं एकमेकांना तुडवत होती. फरशीवर बटाटे, दात आणि रक्त यांचा नुसता चिखल झाला होता. मान भाजत असताना दाजींनी ढालीच्या कडेनं दोघांचे गुडघे मोडले आणि कोपऱ्यात सापडलेल्या आचाऱ्याला बगलेत मारून बाहेर आणलं. आचारी पुढे वर्षभर त्यांच्या ताटात जास्तीचं अंडं टाकायचा. दाजी ते माझ्या ताटात सरकवायचे. "खा, मेव्हणे. तुम्हाला वाढायचंय अजून," म्हणायचे. मी तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो.

आणि हाच माणूस सुईला घाबरायचा. एकदा एका कैद्यानं दात घासायचा ब्रश भिंतीवर घासून घासून टोकदार केला आणि त्यांच्या पोटरीत आरपार घुसवला. तो तसाच पोटरीत घेऊन त्यांनी त्या कैद्याला जमिनीवर चेपून ठेवलं, चारही हाका होईपर्यंत. मग लंगडत दवाखान्यात गेले, स्वतःच्या पायानं, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन भरताना बघून खाली कोसळले. कपाळाला तीन टाके पडले. पोटरीला दोनच पडले होते. ताईनं ही गोष्ट सगळ्या नातेवाइकांना सांगितली आणि दाजी आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत.

माझा जीव त्यांनी वाचवला हेही इथेच सांगून टाकतो. धुलाईखान्यात चौघांनी मला धरलं होतं. इस्त्रीची वायर तोडून गळ्याला दोन वेढे घातले होते आणि एक जण मागून पीळ देत होता. मला दिसायचं बंद झालं होतं, फक्त कानात घूं घूं. नंतर कळलं की साहेब वाटाघाटीचा विचार करत होते. दाजी विचार करत नव्हते. दार तोडून आत आले आणि वायर धरणाऱ्याच्या चेहऱ्यावर ढालीची कड अशी घातली की त्याचा जबडा कानाकडे सरकला. दुसऱ्याचा हात त्यांनी धुलाईयंत्राच्या झाकणात घालून झाकण लावलं. त्याच्या किंकाळ्या मला ऐकू आल्या, आणि खरं सांगतो, इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. दाजींनी मला खांद्यावर टाकलं. "तुझ्या ताईला काय तोंड दाखवलं असतं मी?" एवढंच म्हणाले. ते रडत होते.

घरी ते वेगळेच. दोन मुलींच्या वेण्या घालायचे, त्याही घट्ट, मुली ओरडायच्या, "बाबा, बेडी नाहीये ही!" आमची दोन्ही घरं तुरुंगाच्या वसाहतीत, एकाच जिन्यावर. ते कामावरून आले की ताई दारातच त्यांच्या अंगावरून नजर फिरवायची, पाहुण्याच्या हातातली पिशवी बघावी तशी, आज काय आणलंय. सूज, ओरखडा, चावा. मग मलम. मलम लावताना ती त्यांना शिव्या द्यायची आणि ते डोळे मिटून ऐकून घ्यायचे.

आता माझ्याबद्दल. मी तापट माणूस आहे. नाकावर माशी बसू देत नाही असं आई म्हणायची आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. तुरुंगात अशा माणसाला दालनाचं काम देऊ नये. मला दिलं होतं, आणि त्या दालनात बाराव्या कोठडीत सुतार होता.

सुतार म्हणजे तुरुंगातल्या सुतारकामाच्या कार्यशाळेतला कारागीर. भांडणात एका माणसाला पटाशी मारून आत आला होता. हात सोन्याचे, तोंड गटाराचं. आमच्या दोघांचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. त्या आठवड्यात तो मला सगळ्यांसमोर "दाजीचा पाळलेला मेव्हणा" म्हणाला. दालनभर हशा पिकला. मी त्याच्या नावावर बेशिस्तीचा शेरा मारला. शेरा म्हणजे भेट रद्द. त्या दिवशी त्याची आई भेटीला येणार होती. रात्रीच निघून सहा तासांचा प्रवास करून ती पहाटे आली, फाटकावर तिला परत पाठवलं, आणि ही बातमी सकाळच्या चहाबरोबर मीच सुताराला दिली. दिली म्हणजे काय, चवीनं दिली. खिडकीशी वाकून, हसत.

चहाचा पत्र्याचा मग त्याच खिडकीतून माझ्या तोंडावर आला. आधी चहा, मागोमाग मग. वरचा पुढचा दात मुळापासून हलला, ओठ फाटला, डोळ्यासमोर काजवे. दालन पुन्हा हसलं. तोंड धुवायला गेलो तर दात बेसिनमध्ये पडला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता खरं तर अर्धा तास थांबायचं होतं. सुतार आत भिंतीवर डोकं आपटून आपटून रडत होता, तो थकला असता. जुन्या पहारेकऱ्यांनी हेच केलं असतं. मी घंटा दाबली.

काळे आले. साडेदहा वाजले होते. खिडक्यांतून ऊन आत आलेलं. दालनात चिडीचूप झालं, कारण बुटांचे आवाज सगळे ओळखतात. दाजी पुढे, त्यांच्यामागे चौघे, सगळ्यात मागे चित्रीकरण करणारा. पाचव्या जागी, म्हणजे डाव्या पायाला, ज्याला सगळे लंबू म्हणायचे तो होता. दाजींनी माझा ओठ पाहिला. शिरस्त्राणाच्या काचेमागे त्यांचे डोळे बारीक झाले. "टाके पडतील," म्हणाले. "सूचना दे आधी."

मी खिडकीचं झाकण उघडून पहिली सूचना दिली. आतून शिवी आली. दुसरी दिली. काही नाही. तिसरी दिली.

आणि हात बाहेर आले.

पाठमोरे, मनगटाला मनगट लावून, व्यवस्थित. बोटांना वार्निशचे डाग होते. तो आतून म्हणाला, "आईला फाटकावरच थांबवा म्हणावं. एवढं करा." हळू म्हणाला. दाराला चिकटून मी उभा होतो, मलाच ऐकू गेलं. मागच्यांना दिसत होती ती माझी पाठ.

मी ते हात बघितले. तोंडात रक्ताची चव होती. मला वाटलं, बस, इतकंच? दात माझा पडला आणि हा हात बाहेर काढून मोकळा? मी हातातल्या दांड्यानं त्याच्या बोटांवर ताडकन मारलं. मागच्यांना वाटलं असेल, मी दारावरच दांडा आपटला. हात आत गेले. मी झाकण लावलं आणि ओरडलो, "हात नाहीत!"

हे मी केलं. रागाच्या भरात केलं असं म्हणायची सोय आहे, पण दांडा मारून झाकण लावून ओरडेपर्यंत चांगला वेळ होता. तेवढ्यात मन बदलता आलं असतं.

दार उघडलं. दाजी आत गेले ते भिंत चालून गेल्यासारखे. सुतार बोटं काखेत दाबून वळत होता. ढाल त्याच्या तोंडावर आदळली, नाकाचं हाड मोडल्याचा आवाज बाहेर आला. तो संडासाच्या कठड्यावर पडला, तिथून फरशीवर, आणि दाजी त्याच्यावर. मग तो झगडला. माणूस एवढा झगडतो हे मी कधी पाहिलं नव्हतं. आता मला कळतं की तो मारायला झगडत नव्हता, सांगायला झगडत होता. "दिले होते! दिले होते!" असं काहीतरी ओरडत होता, पण तोंडात रक्त, वरून ढाल, सगळ्यांना ते गुरगुरणंच वाटलं. उजव्या हातावर गुडघा पडला. "माझा!" डावा हात मागे पिरगळला, खांदा निखळला. "माझा!" उजवा पाय. "माझा!"

डावा पाय सुटा होता. त्याची टाच लंबूच्या शिरस्त्राणाखालून हनुवटीला बसली आणि लंबूनं स्वतःचीच जीभ चावली. चांगली बोटभर जीभ लोंबायला लागली. तरी पठ्ठ्यानं पाय सोडला नाही. बेडी अडकवली, घट्ट केली, पायावर आडवा पडून राहिला. ओरडू मात्र शकला नाही. तोंडातून नुसता रक्ताचा फेस.

दाजी चौथ्या हाकेची वाट बघत पडून राहिले.

सव्वाशे किलोचा माणूस, वर चिलखत. ढालीखाली सुताराचा चेहरा काचेला लावल्यासारखा सपाट झालेला. आधी लाल होता, मग जांभळा. मी दारातून बघत होतो. पाय बेडीत आहे हे मला दिसत होतं. "दाजी, उठा" एवढे दोनच शब्द लागत होते आणि ते माझ्या तोंडातून निघाले नाहीत, कारण माझ्या आत अजून कुणीतरी म्हणत होतं, अजून थोडं. अजून थोडं चेपू दे त्याला. चित्रफितीवरून नंतर मोजलं तर दाजी तीन मिनिटं चाळीस सेकंद त्याच्या छातीवर होते. शेवटी उजव्या हातावरच्या माणसानं वळून पाहिलं आणि तो किंचाळला, "झालंय! सगळं झालंय! उठा!"

दाजी उठले. सुतार उठला नाही. दाजींनी शिरस्त्राण फेकलं, हातमोजे फेकले, त्याच्या फुटलेल्या तोंडाला तोंड लावून फुंकायला लागले. छाती दाबताना बरगड्या मोडल्याचा कडकड आवाज येत होता. डॉक्टरांनी येऊन त्यांना खांद्याला धरून बाजूला केलं तेव्हा त्यांची हनुवटी, मिशा, गळा सगळं सुताराच्या रक्तानं भरलं होतं. "चौथा आला नाही," ते सगळ्यांना सांगत होते. "चौथा आलाच नाही हो."

चौकशी बसली. पथकाच्या प्रमुखानं दाजींसाठी जबाब टंकून आणला. त्यात लिहिलं होतं की चारही हाका ऐकू आल्या, त्या क्षणी ढाल उचलली, आणि कैद्याचं हृदय आधीपासून कमजोर असावं. चित्रफितीत पाठींशिवाय काही दिसत नव्हतं, आवाजाचा नुसता कालवा. मिनिटांचा हिशेब कैद्याच्या झटापटीवर ढकलता येणार होता. लंबूची जीभ शिवलेली, तो बोलणार नव्हता. सही केली की नोकरी शाबूत, घर शाबूत. नाही केली तर खटला, आणि तुरुंगातल्या पहारेकऱ्यानं तुरुंगात जाणं म्हणजे काय ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या आठवड्यातच कुणीतरी ब्रश घासून ठेवलेला असतो.

दाजी सही करत नव्हते. ताई माझ्याकडे आली. तिचे डोळे सुजले होते. "तुझं ऐकतात ते," म्हणाली. "माझ्यासाठी नको, पोरींसाठी समजाव. आत टाकलं तर जिवंत परत येतील का रे?"

मी गेलो. दाजी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते, पुढ्यात कागद आणि पेन. दाढी वाढलेली. मी समजावलं. जीव तोडून समजावलं. ते ऐकत होते, मग म्हणाले, "मला कळलं होतं."

"काय?"

"त्याचा श्वास थांबलेला. ढालीतून कळतं रे. खाली हलत असतं ना काहीतरी, ते हलायचं थांबलं. मला कळलं, आणि मी चौथ्याची वाट बघत पडून राहिलो. डोळा आठवत होता मला त्या माणसाचा. मी भ्यायलो होतो." त्यांनी तळहातानं तोंड पुसलं. "एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा."

"तू खिडकीशी होतास. तिसऱ्या सूचनेला त्यानं काहीच हालचाल केली नाही? हात पुढे करतोय असं काही वाटलं नाही तुला? त्याच्या बोटांना मार होता, डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून मला झोप नाही."

फ्रिजची घरघर चालू होती. बाहेरच्या खोलीत पोरी अभ्यास करत होत्या. मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "नाही, दाजी. शिवी दिली आणि मागे सरकला. बोटं झटापटीत लागली असतील."

त्यांनी मोठा श्वास सोडला. माझ्या हातावर हात ठेवून दाबला. "मग निदान आत जाणं तरी भाग होतं," म्हणाले. "तेवढ्यावर जगता येईल मला." आणि जबाबाचा कागद चार तुकडे करून त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकला.

चौकशीच्या खोलीत एक लांब टेबल होतं, त्यामागे तिघं. डाव्या भिंतीशी सुताराची आई बसली होती. लहानखुरी बाई, मांडीवर पिशवी, दोन्ही हातांनी धरलेली. दाजींनी उभं राहून सगळं सांगितलं. तीन हाका ऐकल्या, चौथी ऐकली नाही, खालचा श्वास थांबलेला कळला तरी उठलो नाही, दोष माझा. प्रमुखानं डोकं धरलं. टेबलामागच्या निवृत्त न्यायाधीशांनी विचारलं, "मुळात बळ वापरायची गरज होती का?"

"होती," दाजी म्हणाले. "तीन सूचना दिल्या होत्या. त्यानं हात दिले नाहीत. सूचना देणारा माझा मेव्हणा आहे, पण नातं सोडा, तो खोटं बोलणाऱ्यातला नाही."

मग मला उभं केलं. मी म्हणालो, "हात नव्हते." माझा आवाज अजिबात कापला नाही. लिहून घेणाऱ्यानं लिहून घेतलं.

दाजींना तिथूनच ताब्यात घेतलं. बेडी घालायला आलेला शिपाई ओळखीचा होता, तो संकोचला. दाजींनी स्वतःच पाठ केली आणि हात मागे दिले. बाहेरच्या बोळात सुताराची आई उभी होती. दाजी तिच्यापाशी थांबले. एवढा मोठा माणूस, मान खाली. "आई," ते म्हणाले, "माफ करा असं नाही म्हणत. पण त्यानं एकदा हात पुढे केला असता ना, तर मी आत पाऊल टाकलं नसतं. माझ्या पोरींची शपथ."

बाईनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या ओठावरच्या उसवलेल्या टाक्यांकडे. "लहानपणापासून हट्टी मेला," ती म्हणाली आणि तिचं तोंड वाकडं झालं. "कितीदा सांगितलं असेल त्याला, पडतं घे, कुणी विचारलं तर हात जोड. ऐकलं नाही कधी. शेवटीसुद्धा ऐकलं नाही." मग तिनं पदराचं टोक माझ्या पुढे केलं. "तुमच्या ओठातून रक्त येतंय, बाळा," म्हणाली. "त्यानं मारलं ना तुम्हाला? त्याच्या वतीनं मी माफी मागते."

दाजींना घेऊन गेले. मी तिला बाकावर बसवलं आणि प्यायला पाणी आणून दिलं.